बाबांच्या टेबलावरच्या सात बाटल्या : इम्युनिटी आणि पोटासाठी नक्की काय घ्यावं?

गवतफुल

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. आधी चर्चा झालेली असेल तर सांगा, मी तिकडे जाते.

माझे बाबा, वय ६८. थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे, अॅसिडिटीची एक गोळी पण रोज सकाळी. बाकी तब्येत ठीक, चालणं-फिरणं चालू. पण गेल्या काही महिन्यांपासून एक सर्दी गेली की दुसरी हजर, आणि पोटाचं तर विचारूच नका, फुगतं, गॅस होतो, साफ होत नाही. मग कोणी काय सुचवलं, कुठे काय वाचलं, असं करत करत टेबलावर बाटल्यांची रांग लागलीये. मल्टिव्हिटॅमिन, झिंक, पाण्यात टाकायची सी व्हिटॅमिनची फसफसणारी गोळी, डी३, कॅल्शियम, प्रोबायोटिक (पोटासाठी चांगल्या जिवाणूंची कॅप्सूल) आणि पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल. सगळं सकाळी उठल्या उठल्या एकत्र घेतात, म्हणे "एकदाच काय ते उरकून टाकावं, नंतर लक्षात राहत नाही."

फरक म्हणाल तर शून्य. यातलं खरंच उपयोगाचं काय, बंद काय करावं, आणि जेवणात काय बदल करावा? डॉक्टरांकडे जाणार आहोतच, कारण या वेळी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो) पण वाढलेला आलाय आणि डोस वाढवावा लागेल असं दिसतंय. पण तिथे पाच मिनिटांत सगळं बोलून होत नाही.

उनाडवारा

प्रोबायोटिक अजिबात बंद करू नका. मला प्रचंड फरक पडला. ७०% इम्युनिटी पोटात असते, पोट सुधारलं की सर्दी आपोआप जाते.

चष्मिश

गवतफुल, एक काम करा. सातही बाटल्या घेऊन बसा आणि प्रत्येकीच्या मागचं बारीक अक्षरातलं इथे उतरवा. नुसतं "झिंक" नको, किती मिलिग्रॅम ते हवंय. आणि थायरॉइडची गोळी आणि या सगळ्यात किती वेळाचं अंतर असतं तेही लिहा.

(औषधशास्त्र शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून ही चौकशी. इथे मी कोणाचा डॉक्टर नाही.)

गवतफुल

बसले बाई भिंग घेऊन. हे घ्या :

मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक १५ मिग्रॅ आणि डी ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक), बाकी बी वगैरे बरंच काही, लोहसुद्धा आहे. झिंकच्या गोळीत ५० मिग्रॅ. फसफसणाऱ्या गोळीत सी १००० मिग्रॅ, आणि त्यातही झिंक १०, हे पुढच्या बाजूला कुठेच लिहिलेलं नाही! डी३ रोजची २००० आययूची. कॅल्शियम कार्बोनेट आहे, ५०० मिग्रॅ, त्यात पुन्हा डी ५०० आययू. प्रोबायोटिकवर मोठ्या अक्षरात ५० अब्ज जिवाणू. एन्झाइमच्या बाटलीवर दहा-बारा नावं आहेत, आकडे नाहीत, सगळं मिळून एक "ब्लेंड" म्हणून एकच आकडा दिलाय.

अंतर म्हणाल तर अंतर नाहीच. एका घोटात थायरॉइड, अॅसिडिटी आणि ही वरात.

चष्मिश

वाटलंच होतं. आता इम्युनिटी क्षणभर बाजूला ठेवा, आधी थायरॉइड बघू.

थायरॉक्सिनची, म्हणजे बाबांची थायरॉइडची, गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नाश्ता त्यानंतर अर्धा ते एक तासाने. कॅल्शियम, लोह आणि लोह-कॅल्शियम असलेलं मल्टिव्हिटॅमिन यांच्यात आणि तिच्यात चार तासांचं अंतर ठेवायचं असतं, कारण कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरतं जातच नाही. म्हणजे गोळी गिळली जाते पण पूर्ण पोचत नाही. त्यात अॅसिडिटीची गोळी. पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन नीट विरघळत नाही, त्यामुळे तिनेही शोषण कमी होऊ शकतं. टीएसएच वाढायला ही दोन कारणं पुरेशी आहेत.

हेच कारण आहे असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही. पण डोस वाढवायच्या आधी डॉक्टरांना हा सगळा प्रकार सांगा, बाटल्यांचे फोटोच दाखवा. बरेचदा वेळा बदलून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. आधी डोस वाढवला आणि मग कोणीतरी कॅल्शियम बंद केलं, तर तोच वाढीव डोस जास्त होऊन छातीत धडधड सुरू होते, आणि ६८ व्या वर्षी ते नकोच.

आता झिंक. १५ + ५० + १० = ७५ मिग्रॅ. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ११, बाईची ८. आणि वरची मर्यादा ४०, तीसुद्धा अन्नातलं धरून. याच्या वर महिनोन् महिने गेलं तर झिंक तांब्याचं शोषण अडवतं. तांबं कमी पडलं की रक्त कमी होतं, पाय बधिर व्हायला लागतात आणि पांढऱ्या पेशी घटतात. म्हणजे सर्दी होऊ नये म्हणून घेतलेलं झिंक जंतूंशी लढणाऱ्या पेशीच कमी करून ठेवतं. किती महिने चाललंय तेही डॉक्टरांना सांगा, गरज वाटली तर ते तांब्याची पातळी बघतील.

डी चं मात्र एकूण २९०० होतंय, ४००० ची मर्यादा ओलांडत नाही. रक्तातली पातळी बघून ठरवा. ते जेवणाबरोबर घ्या, स्निग्ध पदार्थ असले की जास्त शोषलं जातं. सकाळच्या रिकाम्या पोटी तेही कमी शोषलं जातं.

तिसरीघंटा

चष्मिश यांचा प्रतिसाद सोन्यासारखा. वाचनखूण साठवली.

आमच्या मातोश्रींचंही हुबेहूब हेच चालू असतं, फक्त झिंकच्या जागी बायोटिन, केसांसाठी. त्याचं काय?

चष्मिश

बायोटिन थायरॉक्सिनच्या आड येत नाही, ते तपासणीच्या आड येतं. बऱ्याच लॅबमधल्या रक्ततपासण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो, आणि हार्ट अटॅकची ट्रोपोनिन चाचणीसुद्धा खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियामक संस्था) २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस बंद, मोठा डोस असेल तर लॅबला विचारून आणखी आधी. केसांचं म्हणाल तर बायोटिनची कमतरता मुळात दुर्मिळ आहे, तेव्हा पैसे केसांवर नाही, लघवीवाटे जातायत.

कडूलिंब

मला या "इम्युनिटी वाढवणे" प्रकाराचाच राग येतो. वाढवून कुठे नेणार? अॅलर्जी म्हणजे काय, परागकणासारख्या निरुपद्रवी गोष्टीवर आपलीच प्रतिकारशक्ती धावून जाते. आमवातात ती सांध्यांवर हल्ला करते. प्रतिकारशक्ती हे काही पंख्याचं रेग्युलेटर नाही की एकवरून पाचवर नेलं आणि झालं. तिला हवं ते पुरेसं मिळतंय का एवढंच आपल्या हातात आहे, कमी असेल तर भरून काढा, पुरेसं असेल तर वरून ओतून काही होत नाही. जगभर प्रतिकारशक्ती खालावण्याचं सगळ्यात मोठं कारण अजूनही कुपोषण आहे, पुरेसं अन्न आणि प्रथिनं न मिळणं. बाटलीवाले याबद्दल बोलणार नाहीत कारण यात विकायला काही नाही.

गवतफुल, तुमचे बाबा प्रथिनं किती खातात ते बघितलंय का कधी? या वयात भूक कमी होते, चावायला त्रास होतो, मग चहा-बिस्किटावर भागवलं जातं. साधारण दर किलो वजनाला १ ते १.२ ग्रॅम रोज असं ज्येष्ठांसाठी सांगतात (किडनीचा त्रास असेल तर मात्र विचारूनच). ६५ किलोच्या माणसाला ६५ ते ७८ ग्रॅम. डाळी, कडधान्यं, दूध-दही, पनीर, सोयाबीन, अंडी, मासे, जे चालत असेल ते, पण तिन्ही वेळच्या खाण्यात थोडं थोडं हवं. रात्रीच्या वाटीभर डाळीत हे सगळं बसत नाही.

उनाडवारा

पण सी व्हिटॅमिनने सर्दी कमी होते हे तर सिद्ध झालंय ना? पॉलिंगसारख्या नोबेलवाल्या शास्त्रज्ञाने सांगितलंय.

कडूलिंब

लायनस पॉलिंग, एकट्याच्या नावावर दोन नोबेल असलेला माणूस, आणि १९७० पासून तो सी व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसमागे लागला होता हे खरं. पण नोबेल मिळालं म्हणून प्रत्येक म्हणणं खरं होत नाही, त्यासाठी चाचण्या लागतात, आणि त्या झाल्या. २०१३ च्या कॉक्रेन (वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था) आढाव्यात सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा असं दिसलं की रोज सी घेणाऱ्या सामान्य लोकांना सर्दी तितक्याच वेळा होते. सर्दीचा काळ मोठ्यांमध्ये सुमारे ८% आणि लहान मुलांमध्ये १४% कमी होतो. म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांत. आणि हे आधीपासून रोज घेत असाल तर. शिंका सुरू झाल्यावर गोळ्या खायला लागलात तर ठाम असा फायदा दिसला नाही. अपवाद एकच, मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक वगैरे, त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं.

गरज रोजची ९० मिग्रॅ, बायकांना ७५. एखादं संत्रं किंवा पेरू, थोडी ढोबळी मिरची, झालं काम. १००० मिग्रॅमधलं बरंचसं लघवीतून बाहेर. २००० च्या पुढे गेलं की जुलाब, आणि ज्याला मुतखड्याचा इतिहास आहे त्याने तर मोठ्या डोसच्या वाटेला जाऊ नये, सी चं शरीरात ऑक्झलेट बनतं, त्याचेच खडे होतात.

रिकामटेकडा

या सगळ्या स्टडीज औषध कंपन्याच करतात. त्यांना स्वस्त व्हिटॅमिन कशाला आवडेल? जरा डोकं वापरा.

कडूलिंब

व्हिटॅमिन विकणाऱ्या कंपन्या काय धर्मादाय आहेत का? अनेक ठिकाणी औषध विकायच्या आधी ते काम करतं हे सिद्ध करावं लागतं, सप्लिमेंटला ते लागत नाही. नुसतं "साहाय्य करते" लिहिलं की भागतं. डोकं वापरूनच लिहितोय.

सुपारीचंखांड

भांडू नका रे. डी बद्दल कोणीतरी लिहा ना, सगळेच घेतायत हल्ली.

चष्मिश

डी ची गोष्ट मजेशीर आहे. २०१७ मध्ये २५ चाचण्यांमधल्या साधारण ११ हजार लोकांचा डेटा एकत्र केला तेव्हा श्वसनमार्गाचे संसर्ग थोडे कमी झालेले दिसले, आणि सगळ्यात जास्त फायदा ज्यांची पातळी मुळात फार खाली होती त्यांना. रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेणाऱ्यांना झाला, एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना नाही. मग आणखी चाचण्या झाल्या, त्या धरून २०२५ मध्ये पुन्हा हिशोब केला तर एकूण लोकांमधला फायदा इतका बारीक झाला की आहे म्हणायलाही जड जातं. माझं मत, हाडांसाठी आणि कमतरता असेल तर जरूर घ्या, सर्दीसाठी म्हणून नको. आणि आठवड्याची मोठी गोळी चुकून रोज घेणारे लोक असतात, त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम वाढतं. सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ आणि बद्धकोष्ठ ही त्याची लक्षणं.

सर्दीवर झोपेची गोष्ट सांगतो, ती बाटलीत मिळत नाही म्हणून कोणी सांगत नाही. अमेरिकेत १६४ निरोगी लोकांची आठवडाभराची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली, मग त्यांना हॉटेलात वेगळं ठेवून प्रत्येकाच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि वाट बघितली. वापरलेल्या टिशूंचं वजनसुद्धा केलं, किती शेंबूड आला ते कळावं म्हणून. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. २०१५ चा अभ्यास. बाबा रात्री किती वाजेपर्यंत मोबाइल बघतात?

गवतफुल

तो प्रश्न विचारायचा नाही. 😄

सगळ्यांचे खूप आभार, मला वाटलं नव्हतं इतकं कोणी लिहील. टीएसएचचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पण पोटाचं राहिलं.

पोटोबा

पोटाचं निघालं म्हणून मी आलो. आहारतज्ज्ञ म्हणून काम करतो, रोज हेच ऐकतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी एक गंभीर. वय ६८ आणि पोटाची सवय काही महिन्यांत बदललीये, तर हे स्वतंत्रपणे डॉक्टरांना सांगाच. शौचावाटे रक्त, काळा शौच (लोहाच्या गोळीनेही काळा होतो, पण ते त्यांना ठरवू द्या), कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, रात्री पोटदुखीने जाग येणं, यातलं काहीही असेल तर आज-उद्या नको. इसबगोल घेऊन बघू, मग जाऊ, असं करू नका.

ते बघून झालं असं धरून पुढचं. गंमत बघा, त्यांच्या बद्धकोष्ठाची निदान तीन कारणं त्याच टेबलावर आहेत. कॅल्शियम कार्बोनेट बद्धकोष्ठ करतं. लोह करतं. आणि थायरॉक्सिन नीट पोचलं नाही तर थायरॉइड मंदावून आतडीही मंदावतात. म्हणजे अर्धा इलाज नवीन काही न आणता होऊ शकतो. कॅल्शियमची खरंच गरज असेल तर अॅसिडिटीची गोळी चालू असताना कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं, कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागतं. आणि दूध-दही भरपूर असेल तर वेगळं कॅल्शियम लागेलच असं नाही. फसफसणाऱ्या गोळीचं अजून एक, तिला फसफसवायला सोडियमचा क्षार वापरतात, एका गोळीत तीनशे-चारशे मिलिग्रॅम सोडियम सहज असतं. ब्लड प्रेशर असलेल्यांनी मागचं लेबल वाचावं.

आता फायबर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्यांना रोज निदान २५ ग्रॅम, तेही अन्नातून, आणि भाज्या-फळं मिळून निदान ४०० ग्रॅम. बहुतेकांचं याच्या जेमतेम निम्मं होतं. सालीसकट सफरचंदात चारेक ग्रॅम, केळ्यात तीन, शिजवलेल्या मसुराच्या मोठ्या वाटीत दहाच्या वर, आणि पांढऱ्या भाताच्या वाटीत एक पण नाही. म्हणजे नुसतं सॅलड चघळून २५ होत नाहीत, डाळी-कडधान्यं आणि अख्खी धान्यं आली तरच होतात.

फायबरचं नुसतं झाडूकाम नसतं. आपल्याला जे पचत नाही ते मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं बनतात. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी इंधन म्हणून मुख्यतः हेच ब्युटिरेट जाळतात. म्हणजे तुम्ही खाल्लेलं जिवाणूंनी खाल्लं आणि त्यांचं उरलंसुरलं आतड्याने. ते अस्तर धड राहिलं तर जंतू आणि रक्त यांच्यातली भिंत धड. पोट आणि इम्युनिटीचा खरा संबंध हा असा आहे, जाहिरातीत दाखवतात तसा चकाकता निळा प्रकाश नाही.

पण लोक काय करतात, सोमवारपासून एकदम कडधान्यं, ओट्स, जवस, सॅलड, आणि गुरुवारी पोट नगाऱ्यासारखं, मग म्हणतात फायबर सोसत नाही. आठवड्याला तीन-चार ग्रॅमने वाढवा, बरोबर पाणी वाढवा. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं, मोड आणले तर उत्तमच, गॅस करणाऱ्या शर्करा कमी होतात आणि झिंक-लोह अडवणारं फायटेटही कमी होतं. म्हणजे झिंकचा प्रश्न पण इथेच थोडा सुटतो.

पूड घ्यायची तर इसबगोल. ते पाणी धरून ठेवतं पण आतड्यात फारसं आंबत नाही, म्हणून गॅस कमी. "प्रीबायोटिक" (जिवाणूंचं खाद्य) म्हणून विकतात ते इन्युलिन नावाचं फायबर झपाट्याने आंबतं, आधीच फुगणाऱ्या पोटात ते घालू नका. आणि शुगर-फ्री गोळ्या, गमी वगैरेंमध्ये सॉर्बिटॉल, माल्टिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी) असतं, त्यानेही फुगतं. बघा लेबल. बद्धकोष्ठावर रोज दोन हिरव्या किवी इसबगोलच्या तोडीस तोड चालल्या असा अभ्यास पण झालाय, सुके आलुबुखार तर जुनेच. नाश्त्यानंतर दहा मिनिटं संडासात निवांत बसायचं, पायाखाली छोटं स्टूल घ्यायचं, खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं त्या वेळेचा फायदा घ्यायचा. लोक घाईत नेमकी हीच वेळ घालवतात.

उनाडवारा

आणि प्रोबायोटिक?? त्यावर कोणीच बोलत नाहीये.

पोटोबा

बोलतो. तुम्हाला फरक पडला असेल तर मी नाही म्हणणार नाही. पण "प्रोबायोटिक घ्या" हा सल्ला "औषध घ्या" इतकाच मोघम आहे. जिवाणूची कोणती जात, त्यातला कोणता स्ट्रेन (उपप्रकार), कशासाठी, ते महत्त्वाचं. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी यांच्यावर अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांसाठी बऱ्यापैकी काम झालंय. बोलार्डी तर यीस्ट आहे, त्याला अँटिबायोटिक मारूच शकत नाही. पण त्याचमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलीये किंवा ज्यांना मोठ्या शिरेत नळी घातलीये त्यांना ते द्यायचं नाही, रक्तात जाऊन संसर्ग करू शकतं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सगळा पुरावा चाळला आणि अशा मोजक्या गोष्टी सोडल्या तर पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिकची शिफारस केली नाही.

इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या प्रयोगात तर अँटिबायोटिकनंतर अकरा स्ट्रेनचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या पोटातली मूळची जिवाणूवस्ती परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशीर लागला. नवे पाहुणे जागा अडवून बसले. छोटा प्रयोग होता, पण "घेऊन ठेवू, नुकसान तर नाही" म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

५० अब्जचा आकडा बनवतानाचा की एक्स्पायरीपर्यंतचा तेही बघा, बनवतानाचा असेल तर दुकानात आणि घरात गरम जागी पडून किती जिवंत उरले देव जाणे.

त्यापेक्षा आंबवलेले पदार्थ. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासात ३६ जणांपैकी निम्म्यांनी १० आठवडे दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (कोरियन आंबवलेली भाजी) असे पदार्थ भरपूर वाढवले, रोज सहा सर्व्हिंगच्या आसपास, म्हणजे आपल्या मानाने फारच. त्यांच्या पोटातली जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. फायबर वाढवणाऱ्या गटात तेवढ्या काळात विविधता वाढली नाही. म्हणून मी दोन्ही सांगतो, दही पण आणि कडधान्यं पण. दही ताजं, न तापवलेलं. तापवलं की जिवाणू मेले, बाकी पोषण राहतं.

कडूलिंब

आणि ते ७०% वालं. हा आकडा सगळीकडे फिरतो. पेशींची नीट मोजदाद केली तेव्हा शरीरात सुमारे १.८ लाख कोटी रोगप्रतिकारक पेशी निघाल्या, वजन साधारण १.२ किलो, आणि त्यातल्या बहुसंख्य अस्थिमज्जेत आणि लसिका संस्थेत. आतड्याचा वाटा मोठा आहे तो कामाचा, आयजीए नावाची अँटिबॉडी ते रोज काही ग्रॅम बाहेर सोडतं. तेच "माणसापेक्षा दहापट जिवाणू" चं. २०१६ च्या हिशोबात जिवाणू ३८ लाख कोटी आणि आपल्या पेशी ३० लाख कोटी निघाल्या, जवळपास बरोबरीच.

उनाडवारा

मान्य बाबा. पण माझं दही चालू आहे हे नोंदवून घ्या.

सुपारीचंखांड

थोडं अवांतर. माझ्या बहिणीने पोटाच्या त्रासासाठी कुठल्यातरी लॅबमधून फूड इनटॉलरन्स टेस्ट केली, शंभरेक पदार्थांची यादी आली, त्यातले चाळीस बंद सांगितलेत, गहू, दूध, अंडी, अगदी लसूण पण. वजन उतरतंय तिचं. हे खरं असतं का?

पोटोबा

त्या रिपोर्टवर आयजीजी लिहिलंय का बघा. आयजीजी ही एक अँटिबॉडी, म्हणजे हा पदार्थ तुम्ही खाल्ला होता एवढीच शरीराची नोंद. ॲलर्जीच्या तज्ज्ञ संघटना ही टेस्ट करू नका असं स्पष्ट सांगतात. रोज गहू खाणाऱ्याला गव्हाचं आयजीजी सापडणारच.

आणि गहू बंद करायच्या आधी सीलिएकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी करून घ्यायला सांगा, गहू खात असतानाच. गहू सोडल्यावर अँटिबॉडीज उतरतात आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येते, मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खायला लावतात, तेव्हा लोक रडकुंडीला येतात. कांदा, लसूण, गहू, काही फळं यांनी खरंच फुगणारे लोक असतात, त्यांच्यासाठी लो-फॉडमॅप (पोटात आंबून गॅस करणाऱ्या शर्करा कमी असलेला) आहार आहे, मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने तयार केलेला. पण तो दोन ते सहा आठवड्यांचा, नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा. कायमचा करायला तो नाही. वजन उतरतंय म्हणता तर आधी डॉक्टर.

रिकामटेकडा

हळदीच्या कॅप्सूल कोणीच बोलला नाही. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही.

चष्मिश

जेवणातली हळद वेगळी आणि मिरीच्या अर्काबरोबर शोषण कितीतरी पटींनी वाढवलेली कर्क्युमिनची (हळदीतलं मुख्य द्रव्य) कॅप्सूल वेगळी. तिच्यामुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांच्याही आहेत. कावीळ ही "नैसर्गिक" गोळीनेपण होते. चालू असेल तर डॉक्टरांना निदान सांगा तरी, बहुतेक जण औषधांच्या यादीत या गोष्टी मोजतच नाहीत.

गवतफुल

अपडेट. डॉक्टरांना सगळ्या बाटल्यांचे फोटो दाखवले. डोस तूर्त वाढवला नाही, वेळा बदलून सहा आठवड्यांनी टीएसएच परत बघणार. झिंक आणि फसफसणारी गोळी बंद, एन्झाइम बंद. बी१२ आणि डी ची तपासणी लिहून दिलीये, अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असली की बी१२ कमी होऊ शकतं म्हणाले, आणि ती गोळी अजून लागते का तेही बघणार. पोटाचा बदल ऐकून कोलोनोस्कोपीला (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) पाठवलंय, पोटोबांचा प्रतिसाद वाचला नसता तर मी ते सांगितलंच नसतं. बाबा फसफसणाऱ्या गोळीसाठी रुसलेत, त्यांना ती चव आवडायची म्हणे. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर गेलंय.

शेवटचा प्रश्न, इसबगोल डॉक्टर चालेल म्हणाले, पण ते कधी घ्यायचं? सकाळी तर थायरॉइडची गोळी आहे.

चष्मिश

संध्याकाळी. फायबरही थायरॉक्सिनच्या आड येऊ शकतं, त्यामुळे सकाळपासून लांबच बरं. बाकी कुठल्याही गोळीपासून दोन तास अंतर.

पोटोबा

+१. एका चमच्याला मोठा ग्लासभर पाणी, भिजवून फुगायच्या आत प्यायचं आणि वर अजून अर्धा ग्लास. कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात अडकतं. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. आणि कोलोनोस्कोपीच्या आधीच्या दिवसांत बंद ठेवायचं, ते किती दिवस आधी हे तिथलेच लोक सांगतील.